ओसरीवरची हेर

॥ श्री ॥
कुंभकोणम,
ता. ९ फेब्रुवारी १९५७

चि. सौ. लक्ष्मीदेवीस रघूत्तमचे अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

इकडील सर्व क्षेम. तुझ्या वहिनीचा खोकला सोडला तर तक्रारीला जागा नाही. खोकल्याची तक्रार ती स्वतः करत नाही, म्हणून मीही करत नाही. आमच्या चिरंजीवांचं, बालकृष्णाचं, भिलाईहून पत्र येतं. घरात आम्ही दोघंच, असं मागच्या पत्रापर्यंत लिहीत होतो. आता तसं लिहिता येत नाही.

हसू नकोस. ओसरीलगतच्या खोलीत एक गोरी मुलगी राहायला आली आहे. डेन्मार्क देशाची, नाव हन्ना, वय पंचविशीच्या आतबाहेर. ती कुणाची बायको म्हणून आलेली नाही, सरकारी नोकर नाही, पगार घेत नाही. खेड्यापाड्यांतल्या लोकांची सेवा करायला आली आहे म्हणे. विकास खात्याचा एक कोवळा अधिकारी घरी आला आणि म्हणाला की शाकाहारी, अब्रूदार आणि उत्तम इंग्रजी जाणणारं घर गावात दुसरं नाही. त्या शेवटच्या शब्दांनी माझा घात केला. होकार देऊन बसल्यावर सुचलं की जी तमिळ शिकायला आली आहे तिला इंग्रजी जाणणारं घर कशाला हवं? पण तोवर तिची पेटी आत आली होती. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, ही म्हण आपल्याच लोकांवर आहे. इथे भटाने ओसरी दिली आहे. हातपाय कोण पसरतं ते पाहायचं.

लक्ष्मी, कोर्टात शिरस्तेदारी करून उभा जन्म मी साक्षीदारांची तोंडं पाहण्यात घालवला. फुकट काम करणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही. त्यातून डेन्मार्कचे लोक आपल्याला नवे नाहीत. तरंगंबाडी इथून काही फार लांब नाही. तिथेही आधी मिरी घ्यायला आले, मग किल्ला बांधला, मग पाद्री आणले. ही बाई चूल घेऊन आली आहे. धूर न होणारी मातीची चूल बायकांना घालून द्यायची, हे तिचं काम. म्हणजे पाहा, रस्ता नाही, शाळा नाही, थेट स्वयंपाकघर! ज्याला आपला धर्म बुडवायचा असेल तो दुसरं कुठून सुरुवात करील?

सध्या तिचं शिक्षण चालू आहे. सकाळी स्वामीनाथ वाद्यार येऊन तमिळ शिकवतात. नंतर परसात ती माती, शेण आणि भाताचा कोंडा तुडवून गारा करते, चूल घालते, मोडते, पुन्हा घालते. मांडी घालून बसायचा सराव करते आणि उठताना खांबाला धरते. जेवताना सार कोपरापर्यंत ओघळतं. तिचं पान मधल्या चौकात मांडतो. स्वयंपाकघराचा उंबरा अर्थातच तिला वर्ज्य आहे. तुझ्या वहिनीचं सोवळं तुला ठाऊकच आहे.

संध्याकाळी ती ओसरीच्या खांबाला टेकून बसते आणि आमच्याकडे पाहत राहते. व्यंकोजीराव रोज येतात. तंजावरच्या दरबाराशी नातं सांगणारे आपले शेजारी, तुझ्या लग्नात मोठा फेटा बांधून मिरवले तेच. त्यांचा तर्क असा की ती गावाचा नकाशा काढते आहे, कारण कोणत्या गल्लीत विहीर आहे ते ती विचारते.

त्यातल्या त्यात देवाची एक कृपा आहे. घरात आपण मराठी बोलतो. तिच्याशी तमिळ, अडलं तर इंग्रजी, आणि तिच्याविषयी मराठी. बाजारात दुकानदारासमोर, कोर्टात पक्षकारासमोर आपल्या घराण्याने हीच भाषा भिंतीसारखी वापरली. ती समोर बसलेली असताना मी आणि व्यंकोजीराव तिला खुशाल हेर म्हणतो, आणि ती हसून मान डोलावते.

तिकडील मंडळींस यथायोग्य सांगावे. पत्र लिहीत जा, तुझ्या अक्षराची आठवण येते. लोभ असावा ही विनंती.

तुझा अण्णा

॥ श्री ॥
पुणे,
ता. २१ फेब्रुवारी १९५७

ती. स्व. अण्णा यांस लक्ष्मीचा कृ. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. यजमान इतके हसले की त्यांचा चहा सांडला. तुम्ही म्हणता फुकट काम करणाऱ्या माणसावर तुमचा विश्वास नाही. मग वहिनीवर इतकी वर्षं कसा काय ठेवलात?

त्या मुलीचं मला कौतुक वाटतं. आईबापांना सोडून समुद्रापार यायचं आणि दुसऱ्याच्या परसात शेण तुडवायचं! मला तर कुंभकोणमहून पुण्याला येतानाच रडू आवरत नव्हतं. तिच्या पानात तूप नीट वाढायला सांगा. आणि पहिल्या दिवसापासून कारलं नको.

एक गंमत सांगते. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा माझी तंजावरी बोली ऐकून सासरच्या बायकांनी ठरवूनच टाकलं की ह्या मद्रासी मुलीला आपलं बोलणं समजत नाही. मग काय, माझ्यासमोर माझा रंग, माझे दागिने, आपलं घराणं, सगळ्याची चिरफाड झाली. मीही हसून मान डोलवत होते. अण्णा, हसणारं माणूस बहिरं असतंच असं नाही. तुम्ही व्यंकोजीरावांना जरा हळू बोलायला सांगा.

आता थट्टा पुरे. वहिनीच्या खोकल्याविषयी तुम्ही एक ओळ लिहिलीत, आणि तीही वळवून. दिवाळीत आले होते तेव्हा ती भात उतरवताना भिंतीला धरून उभी राहायची. आपल्या स्वयंपाकघराला एकच खिडकी, तीही परसाकडे, आणि ओलं सरपण. डॉक्टरांना दाखवलंत का? बिनधुराची चूल घालणारी मुलगी तुमच्याच ओसरीवर बसली आहे. पत्रात तिचं नाव, देश, वय सगळं आलं, पण हा विचार आला नाही, ह्याचं मला नवल वाटलं.

सुंदरीवहिनीला माझा नमस्कार. तिच्या हातच्या गोज्जूची फार आठवण येते. लेकराच्या चुकांसकट लोभ आहे तो वाढावा.

आपली आज्ञाधारक,
लक्ष्मी

॥ श्री ॥
कुंभकोणम,
ता. १८ जुलै १९५७

चि. सौ. लक्ष्मीदेवीस अ. उ. आ.

मध्यंतरी तुला कार्डं टाकली. पण कार्ड पोस्टमन वाचतो, म्हणून त्यांत मनातलं काही लिहिलं नाही. आज बंद पाकीट करतो आहे.

आधी पाहुणीचं. ती आता लुगडं नेसते आणि पदर खोचून सायकलवर दारासुरमला जाते. मागाचा खडखडाट थांबवून साळी लोक तिला पाहायला बाहेर येतात. तिरुनीलक्कुडीत तिने बऱ्याच घरी चुली घातल्या. चोळपुरमला मात्र फजिती झाली. बायकांनी धुराडी चिंध्या कोंबून बंद केली. मी म्हटलं, बरं झालं, लोक शहाणे आहेत. कारण नंतर कळलं. तिथे बियाण्याची कणसं चुलीच्या वर झावळ्यांच्या छपराला टांगतात आणि धुरामुळे त्यांना कीड लागत नाही. हिच्या चुलीने धूर गेला आणि कीड आली. ती रागावली नाही. त्या बायकांच्या पंक्तीत बसून ऐकून आली, परसात पुन्हा माती तुडवली आणि धुराड्याला मातीची झडप केली. बाईला वाटेल तेव्हा ती झडप लावून बियाण्यापुरता धूर घरात घेईल, एरवी तो बाहेर जाईल. अक्कल आहे, हे मी व्यंकोजीरावांपाशी कबूल केलं. ते म्हणाले की अक्कल नसलेल्याला हेर म्हणून कोण पाठवील? हेही मला पटलं.

आणखी एक. स्वामीनाथ वाद्यार परवा काळजीत होते. तिचं वाचन-लेखन चांगलं आहे, पण बोलता बोलता मध्येच असे शब्द येतात की ते कोणत्या भाषेचे तेच समजत नाही. त्यांना ते डेन्मार्कचे वाटतात. मला वाटतं सांकेतिक असावेत. कान ठेवायला सांगितलं आहे.

आता जे लिहितो ते तुझ्या वहिनीला कळवू नकोस.

डॉक्टर रामलिंगांना घरी आणलं. त्यांनी तिची छाती बराच वेळ ऐकली, मग मला दारापर्यंत सोबत घेतलं आणि म्हणाले की हा धुराचा रोग आहे. औषध देतो, पण धूर थांबला पाहिजे. दिवाळीच्या सुमारास ऐप्पसी महिन्याचा पाऊस लागला, सरपण भिजलं आणि ती पुन्हा त्या धुरात बसली, तर हा पावसाळा ती काढील असं सांगता येत नाही. लक्ष्मी, मी हे तिला सांगितलेलं नाही. तिची आई अशीच खोकत गेली. ऐकूनच ती हाय खाईल. ओसरीवर व्यंकोजीरावांना तेवढं सांगितलं. आवाज खाली ठेवला होता. ती मुलगी खांबाशी चिंच सोलत बसली होती, पण ती असली काय आणि नसली काय, सारखंच.

तुझ्या मनात आता काय येणार ते मला ठाऊक आहे. पण चूल घालायची म्हणजे ती बाई आत येणार. तुझी वहिनी तिला आत घेणार नाही, आणि घेतलं तर त्या चुलीवरचा नैवेद्य देवाला चालणार नाही. रॉकेलच्या स्टोव्हचा वास तिला सोसत नाही. आचारी ठेवू म्हटलं तर ती म्हणाली की मग मला माहेरी पाठवा. मी सगळीकडून विचार करून पाहिला आहे.

आणि मुख्य गोष्ट. गेल्या शुक्रवारी मी देवळातून अवेळी परतलो तेव्हा ती मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पायाची बोटं उंबऱ्याला लागायची तेवढी बाकी होती. नजर चुलीवर, खिडकीवर, छपरावर फिरत होती. तुझी वहिनी आत हसत होती! मला पाहताच दोघी गप्प झाल्या. माझ्या घरात माझ्यामागे काहीतरी शिजतं आहे. म्हणून ही बाई दुसऱ्या गावी हलवावी, असा अर्ज मी विकास कचेरीला लिहिला आहे. घरच्या बायकांच्या मनावर परिणाम करते, नकाशे काढते, हेतू संशयास्पद, सगळं मुद्देसूद आहे. काल व्यंकोजीरावांना त्याचं मराठी करून वाचून दाखवलं. त्यांनी दोन ठिकाणी वाहवा केली. ती समोर बसून मन लावून ऐकत होती, बिचारीला वाटलं असेल पोथी चालू आहे.

मला ह्या घरात तुझ्या वहिनीशिवाय कुणी नाही. म्हणूनच डोळ्यांत तेल घालून राखतो आहे.

लोभ असावा ही विनंती.

तुझा अण्णा

॥ श्री ॥
पुणे,
ता. २५ जुलै १९५७

ती. स्व. अण्णा यांस सा. न.

पत्र आत्ता मिळालं, आत्ताच उत्तर लिहिते आहे. यजमान म्हणाले रात्र जाऊ दे, राग उतरू दे. मला तो उतरायला नको आहे.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. माझ्या वेण्या वहिनीने घातल्या. तापात माझ्या उशाशी ती बसली. माझ्या लग्नात तिच्या पाटल्या माझ्या हातात आल्या, त्या तिने परत मागितल्या नाहीत. तिची छाती धुराने भरली आहे, नुसत्या औषधाने भागणार नाही, चूल बदलणं हाच उपाय आहे, आणि चूल घालणारी तुमच्या ओसरीवर चिंच सोलते आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिला तुम्ही घराबाहेर काढायला निघालात! तुम्ही वहिनीला राखता आहात, पण कशापासून? ती मुलगी दारात उभी राहून चूल पाहत होती, ह्याचा अर्थ आमच्या मोलकरणीलाही कळला असता.

सोवळ्याचं कारण पुढे करू नका. तुमचा उंबरा आणि वहिनीचा जीव एका तराजूत घालणारे तुम्ही माझे अण्णा नव्हेत.

अर्ज पाठवू नका. वहिनीला डॉक्टरांचं बोलणं सांगा, ती तुमच्यापेक्षा धीराची आहे. नाहीतर गौरी-गणपती झाले की मी येते आणि तिला पुण्याला घेऊन जाते, मग राखत बसा रिकामं घर.

लोभ असावा असं आज माझ्याच्याने लिहवत नाही.

लक्ष्मी

॥ श्री ॥
कुंभकोणम,
ता. २५ ऑगस्ट १९५७

चि. सौ. लक्ष्मीस आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं तेव्हा अर्ज गेला होता. दोन दिवस आधी मिळालं असतं तर थांबलो असतो, असं लिहिणार होतो. पण ते खरं नाही. थांबलो नसतो.

अर्ज देऊन मी मठाच्या मंडळींबरोबर स्वामींच्या आराधनेसाठी मंत्रालय क्षेत्री गेलो. तिथे प्रसाद घेतला, तुझ्या वहिनीसाठी समाधीची मृत्तिका घेतली, आणि मन शांत करून परतलो. सकाळी गाडीतून उतरून चालत घरी आलो. ओसरीलगतची खोली उघडी होती, पेटी नव्हती, सायकल नव्हती. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. अर्जाचं काम इतक्या लवकर झालेलं मी माझ्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

मग वर पाहिलं. स्वयंपाकाची वेळ होती आणि आपल्या कौलांतून धूर निघत नव्हता. लक्ष्मी, मला कळायला लागल्यापासून त्या वेळी त्या कौलांतून धूर निघाला नाही असा दिवस मृत्यूचाच. आई गेली त्या दिवशी निघाला नव्हता. मी चपलांसकट, पारोशाने, पिशवी तशीच खांद्याला, धावत आत गेलो.

तुझी वहिनी चुलीपुढे बसून आमटी ढवळत होती. डोळे कोरडे होते. मला पाहून म्हणाली की चपला बाहेर. भिंतीशी नवी चूल होती, जराशी वाकडी, तिच्या अंगावर बोटांचे ठसे. मातीचा नळ खिडकीतून बाहेर काढला होता आणि धूर परसातल्या शेवग्यावर चालला होता. मी तिथेच खाली बसलो. बसूनच चपला काढल्या.

मग विचारलं की ही कुणी घातली. म्हणाली, मी. सोवळ्यात, माझ्या हाताने, परका हात लागला नाही. मातीही मीच तुडवली, नळही मीच बसवला. हन्ना परसात, खिडकीबाहेर उभी होती आणि तिथून सांगत होती, इथे दोन बोटं जाड, तिथे आडवा हात फिरव, आता पाणी नको. उंबरा तिने ओलांडला नाही. शेवटच्या दिवशी नळ नीट ओढतो का ते पाहायला तेवढं खिडकीतून डोकं आत घातलं, आणि त्याचीही आधी परवानगी मागितली.

मी म्हटलं की हे सगळं तिच्या मोडक्या तमिळमध्ये कसं समजलं. तुझी वहिनी माझ्याकडे पाहतच राहिली. म्हणाली की तमिळमध्ये कशाला, ती आपल्या भाषेत बोलते. चैत्रापासून बोलते. तुम्ही बाहेर गेलात की आमच्या गप्पा चालतात. मला का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं, तर म्हणाली, तुम्ही विचारलं नाहीत.

म्हणजे स्वामीनाथांचे ते सांकेतिक शब्द आपलेच होते. त्या खांबाशी बसून तिने माझं सगळं ऐकलं. तरंगंबाडी, पाद्री, हेर. डॉक्टरांचं बोलणं. अर्ज तर मी तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला होता. माझी भिंत म्हणे!

पण ह्यापुढचं ऐक. मी विचारलं की तू इतकी सोवळ्याची, चूल मोडायला तयार कशी झालीस. तर तुझी वहिनी आमटी उतरवायची थांबली आणि म्हणाली की हन्नाने सांगितलं, तुमचीच इच्छा आहे. तुम्हाला माझ्या खोकल्याने झोप लागत नाही, पण तोंडाने सांगायला संकोच वाटतो, म्हणून तुम्ही परगावी असताना घालून टाकू, परत आल्यावर बरं वाटेल. मग म्हणाली की इतकी वर्षं झाली, मला तोंडाने सांगितलं असतंत तर मी काय नाही म्हटलं असतं?

ती मला धन्यवाद देत होती, लक्ष्मी. पदराने डोळे पुसत होती, आणि ते धुराने नव्हे. डॉक्टरांचा एक शब्दही त्या मुलीने तिला सांगितलेला नाही. अर्जाचाही नाही. तुझ्या वहिनीला वाटतं आहे की सरकारी बदली झाली. मी म्हटलं, भूक लागली आहे.

तुझी वहिनी आता रात्री झोपते. मी जागा असतो. तुझं ते पत्र उशाखाली आहे. लोभ असावा असं लिहायचा मलाही आज धीर होत नाही.

रघूत्तम

परमकुडीजवळ,
ता. १० नोव्हेंबर १९५७

ती. अण्णांस हन्नाचा साष्टांग नमस्कार.

ही वरची ओळ सुंदरीअम्मांनी शिकवली. साष्टांग म्हणजे काय तेही दाखवलं. मज मराठी लिहाया येत नाही, म्हणून तमिळ अक्षरांत लिहिते. अक्षरं स्वामीनाथ वाद्यारांची आहेत, भाषा तुमच्या ओसरीची. मोठ्याने वाचा, म्हणजे समजेल.

येथे माती वेगळी आहे. वाळू फार. पहिली चूल तडकली, दुसरीही तडकली, बायका हसल्या. मग एका म्हातारीने बाभळीचा डिंक घालाया सांगितलं. आता तडकत नाही. येथे बोलताना माझ्या तोंडून तुमचे शब्द येतात. काल विहिरीवर मी म्हटलं, काय गे, बरी आहेस का, आणि ती बाई घागर टाकून पाहत राहिली.

अण्णा, मज कळतं हे मी तुम्हांस सांगाया हवं होतं. ते चुकलं. चैत्रात एकदा सांगणार होते. पण त्या संध्याकाळी तुम्ही कोर्टातल्या खोट्या साक्षीदाराची गोष्ट सांगत होता आणि व्यंकोजीरावांचा फेटा हसून सुटला. मज वाटलं, मी सांगितलं तर तुम्ही माझ्यासमोर बोलणार नाही, आणि मग संध्याकाळी मज कुठेच जागा राहणार नाही. आमचं गाव सरहद्दीवर आहे. मुलांना कळू नये म्हणून आईबाप जर्मन बोलत. मी जर्मन तशीच शिकले. लपवायची भाषा लवकर येते.

डॉक्टरांचं बोलणं सांगताना तुम्ही रडलात. व्यंकोजीरावांनी तुमच्या पाठीवर हात ठेवला. मी मान वर केली नाही, चिंच सोलत राहिले. त्या आधी शुक्रवारी मी दारात उभी राहून चूल पाहिली होती, खोकला ऐकून. अर्ज ऐकला त्या दिवशी ठरवलं, बदलीचं पत्र येण्याआधी करायचं.

सुंदरीअम्मांना मी खोटं सांगितलं की तुमची इच्छा आहे. नंतर पुष्कळ विचार केला. तुम्ही रडला होता. तेव्हा ते खोटं नव्हतं असं मज वाटतं. चूक असेल तर क्षमा करा.

आता पाऊस लागला असेल. नळाच्या आत काजळी धरते. महिन्यातून एकदा नारळाच्या झाडूने काढा. ते काम तुम्ही करा, अम्मांना करू देऊ नका.

कळावे. ओसरीवरच्या सगळ्यांना नमस्कार.

तुमची हेर,
हन्ना

॥ श्री ॥
कुंभकोणम,
ता. २२ नोव्हेंबर १९५७

चि. हन्नास रघूत्तमचे अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

चि. म्हणजे काय ते सुंदरीने शिकवलं नसेल तर सांगतो. दीर्घकाळ जगो असा अर्थ. घरच्या लेकरांच्या नावाआधी लिहितात.

तुझं पत्र चौकात बसून मोठ्याने वाचलं. व्यंकोजीरावही होते. शेवटची सही वाचल्यावर ते उठून हात धुवायला गेले आणि फार वेळ आले नाहीत.

इथे ऐप्पसी संपून कार्तिक लागला तरी पाऊस थांबत नाही. सरपण ओलं आहे. नळ मी स्वतः झाडतो, पहिल्याच वेळी सगळी काजळी माझ्या तोंडावर पडली आणि सुंदरी पोट धरून हसली. हसताना खोकला आला, पण आला तसा गेला. डॉक्टर रामलिंगांनी पुन्हा छाती ऐकली. म्हणाले की झालेली झीज भरून येणार नाही, पण हा पावसाळा ती काढील, आणि धूर नसेल तर पुढचेही काढील.

अर्ज परत घ्यावा म्हणून मी कचेरीत गेलो होतो. तिथे मला सांगण्यात आलं की बदली होऊन गेली, आता परत कशाचा घेता. जन्मभर दुसऱ्यांच्या अर्जांवर शिक्के मारले, तेव्हा हे लक्षात आलं नव्हतं. परतल्यावर सुंदरीला सगळं सांगितलं. डॉक्टरांचं, अर्जाचं, आणि माझी इच्छा म्हणून तू जे सांगितलंस त्याचं. डॉक्टरांचं तिने शांतपणे ऐकून घेतलं. अर्जाचं ऐकून तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली की तुला लिहून विचारा, इकडे कधी येणार. सोवळं दुपारी सुटतं. त्यानंतर ये. पाट चौकात नाही, चुलीपाशी मांडणार आहे. वाकडी झालेली बाजू तुझ्या देखत नीट करायची आहे म्हणते. लक्ष्मी संक्रांतीला पुण्याहून येते आहे, तिलाही तुला पाहायचं आहे. ती सध्या मला पत्रं लिहिते, पण सुंदरीच्या नावाने.

मी आता ओसरीवर कुणाविषयीच बोलत नाही. व्यंकोजीराव कंटाळतात. तुझ्या खांबाशी कुणी बसत नाही.

हन्ना, आम्हा लोकांत पत्राच्या शेवटी एक ओळ लिहायची रीत आहे. नोकरीत आणि घरी मी ती इतक्या कागदांखाली लिहिली की हात आपोआप लिहून जातो. आज लिहिताना हात थांबला, कारण आज ती खरोखरीची विनंती आहे आणि ती मान्य करणं सर्वस्वी तुझ्या हातात आहे.

लोभ असावा.

तुझा अण्णा